माहेर सांगली, सासर सातारा: पहिलटकरणीसाठी पहिल्या टेस्टपासून तिसऱ्या वाढदिवसापर्यंत

धाकट्या जावेला दिवस गेलेत. गेल्या आठवड्यात तिनं विचारलं, ताई काय काय करायचं असतं हो, सुरुवातीपासून सांगा ना, मला कुणी एक सांगतं कुणी दुसरं. मी मोबाईलवर टाइप करायला बसले आणि थांबेचना, मग म्हटलं नीटच लिहावं, बाकीच्या पोरींनाही होईल उपयोग. माझं सासर सातारा, माहेर सांगलीचं गावभाग, मुलगा ऑगस्ट 2022 चा. मी डॉक्टर नाही, बँकेत नोकरी करते. पण एक गोष्ट खात्रीनं सांगते, आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी असतं, म्हणजे तपासण्या एका गावात, डिलिव्हरी दुसऱ्या गावात, लसी अर्ध्या इकडे अर्ध्या तिकडे, आणि या सगळ्यात कागद हरवतात. तेव्हा पहिलं काम म्हणजे एक फाईल घ्या. झिपवाली, जरा जाड. साताऱ्यात पोवई नाक्यावर कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात मिळेल.

कळलं की लगेच

पाळी चुकली, घरी किट वापरलं, दोन रेघा आल्या. आता शेवटच्या पाळीचा पहिला दिवस कागदावर लिहा. सगळा हिशेब तिथून चालतो, 280 दिवस म्हणजे 40 आठवडे. घरातल्या बायका महिन्यात मोजतात, डॉक्टर आठवड्यात मोजतात, आणि आत्या (सासूबाई, आमच्याकडे आत्याच म्हणतात) मला नववा लागला म्हणाल्या तेव्हा डॉक्टरांच्या हिशेबानं 35 आठवडेच झाले होते, त्यावरून घरात उगाच गोंधळ. फाईलच्या पहिल्या पानावर ती तारीख मोठ्या अक्षरात लिहून ठेवा म्हणजे भांडण मिटतं.

12 आठवड्यांच्या आत नोंदणी करायची. खासगी दवाखान्यात जाणार असाल तरी आशाताईला किंवा अंगणवाडी सेविकेला सांगाच, कारण माता बाल संरक्षण कार्ड तिथून मिळतं आणि पुढे लसीकरण, मातृवंदना योजनेचे पैसे सगळ्याला तेच लागतं. बऱ्याच नोकरीवाल्या बायकांना वाटतं की हे आपल्यासाठी नाही, मलाही वाटायचं. आमच्या आशाताईंनी नंतर जेवढे फोन केले तेवढे माझ्या सख्ख्या चुलत बहिणींनी केले नाहीत.

पहिल्या तपासणीत रक्तगट, हिमोग्लोबिन, साखर, थायरॉईड, एचआयव्ही, कावीळ ब, लघवी, बीपी हे सगळं होतं. रक्तगट निगेटिव्ह असेल आणि नवऱ्याचा पॉझिटिव्ह, तर डॉक्टरांना ॲन्टी-डी इंजेक्शनचं स्वतःहून विचारा, ते साधारण 28 व्या आठवड्यात देतात आणि बाळाचा गट पॉझिटिव्ह निघाला तर डिलिव्हरीनंतर 72 तासांच्या आत परत. गाव बदललं की हीच गोष्ट निसटते.

फॉलिक ॲसिडची गोळी पहिल्या दिवसापासून. खरं तर बाळाचा विचार सुरू केला तेव्हापासूनच घ्यायची असते, कारण बाळाचा मेंदू आणि मणका अगदी पहिल्या काही आठवड्यांत बनतो, आपल्याला कळायच्याही आधी.

उलट्यांना माझ्याकडे जादू नाही. उठल्या उठल्या पाय खाली टाकायच्या आधी अंथरुणातच दोन घास कोरडी भाकरी, मग दहा मिनिटं पडून राहायचं, एवढं मला चाललं. पण प्यालेलं पाणीसुद्धा टिकत नसेल आणि लघवी गडद, कमी होत असेल तर "सगळ्यांनाच होतं गं" ऐकत बसू नका, सलाईन लागतं त्याला.

सोनोग्राफी, सुया आणि ती लाल गोळी

दोन सोनोग्राफ्या चुकवायच्या नाहीत. एक 11 ते 13 आठवड्यांच्या दरम्यान, दुसरी 18 ते 20 च्या आसपास, जिच्यात बाळाचं हृदय, मणका, किडनी, हातपाय सगळं बघतात. दुसरीला वेळ लागतो, बाळ पाठ करून बसलं तर बाहेर चक्कर मारून या म्हणतात. मी दोनदा चक्कर मारली, एक पेढा खाल्ला, तेव्हा कुठं साहेब वळले. मुलगा का मुलगी हे विचारायचं नाही, 1994 च्या कायद्यानं गुन्हा आहे, आणि घरातलं कुणी "ओळखीचा आहे एक" म्हणालं तर तिथल्या तिथं गप्प करा.

धनुर्वाताची सुई, म्हणजे टीडी, दोन डोस, मध्ये चार आठवडे. 24 ते 28 आठवड्यांत साखरेची टेस्ट, 75 ग्रॅम ग्लुकोज पाण्यात घालून पाजतात आणि दोन तासांनी रक्त घेतात. लई गोड असतं, हळूहळू घोट घ्या, पण पाच-दहा मिनिटांत संपवा. त्यात उलटी झाली तर दुसऱ्या दिवशी परत यावं लागतं.

आता लोहाची गोळी. यावर मी जरा जास्त बोलणार आहे कारण माझी फजिती इथंच झाली. चौथ्या महिन्यापासून रोज एक गोळी, निदान 180 दिवस, आणि बाळंतपणानंतरही 180 दिवस. मी इमानदारीत घेत होते. एकही दिवस चुकवला नाही. तरी हिमोग्लोबिन 9.4, दोन महिन्यांनी परत 9.4, आणि 11 च्या खाली म्हणजे रक्त कमी. डॉक्टर म्हणाल्या घेत नाही का तुम्ही, मला रडूच आलं. मग त्यांनी विचारलं गोळी कशाबरोबर घेता. चहाबरोबर! सकाळी सातला, आत्यांनी केलेला आल्याचा चहा, त्याच कपातला पहिला घोट आणि गोळी. वर लगेच कॅल्शियमची गोळी, म्हणजे एकदाच काम उरकलं. आता चहा लोह शोषू देत नाही आणि कॅल्शियमही आडवं येतं, म्हणजे मी गोळी खात होते आणि वाया घालवत होते. तेव्हापासून लोहाची गोळी रात्री झोपताना, लिंबाच्या पाण्याबरोबर, आणि कॅल्शियम सकाळ-दुपार जेवणानंतर. महिन्यात आकडा 10.3 झाला. काळी शी होते, घाबरू नका. बद्धकोष्ठ होतं, त्याला पाणी आणि रात्री भिजवलेले चार बेदाणे, माझी आई तासगावचे पाठवायची.

पोटातली हालचाल पहिलटकरणीला 18 ते 20 आठवड्यांत कळायला लागते, आधी फुलपाखरासारखी, मग लाथाच. 28 नंतर आपल्या बाळाची एक सवय लक्षात येते, माझं रात्री साडेदहाला सुरू व्हायचं. ती सवय एकदम कमी झाली तर त्याच दिवशी दवाखाना, उद्या नाही. तसंच रक्त जाणं, अंगावरून पाणी जाणं, ठसठसणारी डोकेदुखी, डोळ्यापुढं अंधारी किंवा चमकल्यासारखं दिसणं, तोंड नि हात एकदम सुजणं, बीपी 140/90 किंवा वर. यातलं काहीही असेल तर कुणाची परवानगी घ्यायची नाही, रिक्षा नाहीतर 108.

कुठं करायची डिलिव्हरी

हा प्रश्न घरात सातव्या महिन्यात निघतो, डोहाळजेवणाच्या आसपास, तेव्हा उशीर झालेला असतो. पाचव्यातच ठरवा. माहेरी जाणार असाल तर तिथल्या डॉक्टरांना आधी एकदा भेटून या, फाईल दाखवा. मी विसाव्या आठवड्यात एका शनिवारी सांगलीला जाऊन आले.

काय विचारायचं ते सांगते. रात्री दोनला डॉक्टर येतात का फक्त सिस्टर असतात. सिझर करायला भूलतज्ज्ञ किती वेळात पोचतात. बाळाचे डॉक्टर डिलिव्हरीच्या वेळी असतात का. बाळाला काचेत ठेवायची सोय इथंच आहे का दुसरीकडं हलवावं लागतं. रक्त लागलं तर कुठून आणणार. सिझरचा खर्च साधारण किती, आणि त्यात औषधं धरलीत का. विचारताना लाज वाटते, मी चिठ्ठीवर लिहून नेलं होतं.

सरकारीला नाक मुरडू नका. साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटील जिल्हा रुग्णालय आहे, सांगलीत वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय, आणि मिरजेला मेडिकल कॉलेज. मिरज तर पूर्वीपासून दवाखान्यांचंच गाव. सरकारीत जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली डिलिव्हरी, सिझर, औषधं, तपासण्या, रक्त, जेवण सगळं फुकट, आणायला-सोडायला 102 ची गाडीसुद्धा. दर महिन्याच्या 9 तारखेला गरोदर बायकांची खास तपासणी असते, त्या दिवशी डॉक्टर स्वतः बघतात. गर्दी असते, हे खरं. डबा आणि बाटली घेऊन जा. अवघड केस असेल, बीपी असेल, जुळी असतील तर मला विचाराल तर मोठ्या ठिकाणीच नाव घाला, लहान दवाखाना कितीही घरच्यासारखा असू दे.

सातारा ते सांगली सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. 32-34 आठवड्यांत जाऊन राहिलेलं बरं, त्यानंतर हायवेला डायव्हर्जन लागलं की पोटात कळ येते का रस्त्यामुळं दुखतं ते कळत नाही. गाडीतून जाताना पट्टा पोटाच्या खालून घ्या, कराडला उतरून पाय मोकळे करा, पेठ नाक्यावर पुन्हा.

आणि सांगलीकरणींनो, जुलै-ऑगस्टची तारीख असेल तर पुराचा प्लॅन आधी करा. 2019 आणि 2021 विसरला नसाल. आमचं घर नदीकाठच्या गावभागात, म्हणून जुलै लागला तसं आईनं मला मिरजेला मामाकडं नेऊन ठेवलं, दवाखानाही तिकडचाच धरला. बाबा रोज सकाळी आयर्विन पुलाजवळची कृष्णेची पातळी फोनवर सांगायचे, 40 फुटाला इशारा, 45 ला धोका. त्या वर्षी घरात पाणी आलं नाही, पण मी निवांत होते. नदीकाठी राहत असाल तर हे कराच, पूर आल्यावर बोटीतून कळा देत जाणं नको.

पिशवी आणि कळा

36 व्या आठवड्यात पिशवी भरून दाराशी. फाईल, दोघांची आधार कार्डं, बँक पासबुकाची झेरॉक्स, पुढून उघडणारे तीन गाऊन, मोठे पॅड, मऊ जुन्या सुती साडीची धुतलेली दुपटी आठ-दहा, लंगोट, कुंची, टोपरं, मोबाईलचा लांब वायरचा चार्जर. बाळाचे नवे कपडे धुवूनच घाला. बाकी काही विसरलं तरी मिळतं.

खोट्या कळा येतात नि जातात, कूस बदलली की थांबतात. खऱ्या थांबत नाहीत, वाढत जातात, कंबरेतून पुढं येतात. पहिलं बाळ असेल तर दर पाच मिनिटांनी, एक मिनिट टिकणारी, असं तासभर झालं की निघा. दवाखाना लांब असेल, म्हणजे जावळी-पाटणच्या डोंगरात किंवा जत-आटपाडीकडं राहत असाल, तर तासभर थांबू नका. पाणी गेलं तर कळा नसल्या तरी निघायचं, आणि पाण्याचा रंग बघून सांगायचं, हिरवट असेल तर पटकन.

डिलिव्हरीचं वर्णन मी करणार नाही. प्रत्येकीचं वेगळं. मला 14 तासांनी सिझर करावं लागलं आणि नंतर दोन महिने "नॉर्मल नाही झाली का?" ऐकावं लागलं, तुम्हालाही ऐकावं लागलं तर बाळाकडं बोट दाखवा आणि विषय बदला.

पहिले चाळीस दिवस

पहिल्या तासाभरात बाळ छातीशी. सिझर असलं तरी जमतं, सिस्टरना आधी सांगून ठेवा. पिवळसर घट्ट चीक येतो तो टाकायचा नाही, बाळाची पहिली लसच ती. मध, साखरपाणी, गाईचं दूध काही चाटवायचं नाही. सहा महिने फक्त आईचं दूध, वरचं पाणीसुद्धा नाही, मे महिन्यातसुद्धा.

तिसरी रात्र मात्र वाईट. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. बाळ दर वीस मिनिटांनी उठतंय, ओढतंय, सोडतंय, रडतंय. टाके दुखतायत. बाहेर आई आणि मामी कुजबुजतायत की हिला दूध नाहीये वाटतं, डबा आणूया का पावडरचा. मी भिंतीकडं तोंड करून रडत होते. तेवढ्यात रात्रपाळीच्या सिस्टर आल्या, वयस्कर, कुपवाडच्या होत्या. त्यांनी काही उपदेश केला नाही, उशी माझ्या कोपराखाली सारली, बाळाचं पोट माझ्या पोटाला लावलं, नाक बोंडासमोर धरलं, बाळानं आ वासायची वाट बघितली आणि मग बाळालाच माझ्याकडं ढकललं, मी वाकत होते तशी मला बाळाकडं नाही. नुसतं बोंड नाही, भोवतीचा काळा भागही तोंडात जायला हवा. दुखायचं थांबलं. गुटक गुटक आवाज यायला लागला. दुसऱ्या दिवशी दुपारी दूध असं उतरलं की गाऊन भिजला. तर दूध कमी आहे हे रडण्यावरून ठरवू नका. पाचव्या दिवसानंतर दिवसाला सहा-सात वेळा शू होतेय का आणि वजन वाढतंय का, एवढंच बघा. पहिल्या काही दिवसांत वजन थोडं उतरतंच, 10 टक्क्यांपर्यंत, दोन आठवड्यांत जन्माच्या वजनावर परत येतं.

आता घरच्या पद्धती. यात मी सगळं मोडीत काढणाऱ्यातली नाही. डिंकाचे लाडू, मेथीचे लाडू, आळीवाची खीर, बाजरीची भाकरी, लसणाची चटणी, बाळंतशोपा, हे सगळं खा, भूक लागतेच, वर ताक, वरण, भाजी, अंडी हेही खा. पाणी कमी पी म्हणतात ते ऐकू नका. अंगाला तेल लावून शेकायला हरकत नाही, पण दारं-खिडक्या लावून खोलीत कोळशाची शेगडी ठेवणं जीवावरचं आहे, त्या धुरातला वायू दिसत नाही, वास येत नाही. बाळाला धुरी अजिबात नको.

मालीशवाल्या मावशी येतील, त्यांचा हात गोड असतो, बाळ झोपतं छान. पण नाकात-कानात तेल, छाती दाबून "दूध काढणं", डोकं गोल करणं, हे नाही. आमच्या मावशींना मी सांगितलं तर रुसल्या, म्हणाल्या बाई, मी तुझ्या मामाला बी न्हाऊ घातलंय. मग मी डॉक्टरांवर ढकललं, "ते मला ओरडतात हो मावशी." चाललं. असं ढकलायला डॉक्टर फार उपयोगी पडतात. नाळेला हळद, तेल, राख काही लावायचं नाही, कोरडी ठेवायची, एक-दोन आठवड्यांत गळते. आमच्या सांगलीची हळद कितीही भारी असली तरी ती भाजीत. काजळ नको. मध वर्षाच्या आत नाहीच, त्यातल्या जंतूंमुळं लहान बाळाला गंभीर आजार होऊ शकतो. आणि गुटी उगाळून देतात त्याच्या बरोबर सहाणेवरचं सगळंच पोटात जातं, आम्ही दिली नाही.

बाळ पहिल्या 24 तासांतच पिवळं दिसलं, तळहात-तळपाय पिवळे झाले, दूध ओढेना, अंग थंडगार किंवा तापलेलं, मिनिटाला 60 च्या वर श्वास, छातीत खड्डा, यातलं काहीही झालं की थेट दवाखाना. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला 100.4 फॅरनहाइट ताप म्हणजे घरगुती औषध नाही. कावीळ उन्हात धरून जाईल म्हणून बसू नका, तपासून घ्या. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर आशाताई 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी घरी येतात, वजन करतात, तेव्हा झोपलंय म्हणून परत पाठवू नका.

तुमचं स्वतःचं बघा. तासाभरात एक पॅड पूर्ण भिजतंय, घाण वास, ताप, पोटरी लाल होऊन दुखतेय, हे सांगायचं. रडू येणं पहिल्या दोन आठवड्यांत येतंच. मी एकदा बाळाचं मोजं हरवलं म्हणून अर्धा तास रडले. पण दोन आठवड्यांपुढंही तसंच असेल, बाळाजवळ जावंसं वाटत नसेल, बाळ झोपलं तरी झोप लागत नसेल, स्वतःला काही करून घ्यावंसं वाटत असेल तर तो आजार आहे, बाहेरची बाधा नाही. टेलीमानस, म्हणजे मनाच्या त्रासासाठीची सरकारी हेल्पलाईन, तिचा नंबर 14416, फुकट आहे, मराठीत बोलतात. बायकोला बोलता येत नसेल तर नवऱ्यानं लावायचा.

कागदं

पाचवी झाली, सटवाईनं लिहायचं ते लिहिलं, आता आपण लिहायचं. जन्माची नोंद 21 दिवसांत, आणि जिथं जन्म झाला तिथं. म्हणजे मिरजेत झालं तर तिकडच्या महापालिकेत, साताऱ्याच्या नगरपालिकेत नाही. दवाखाना माहिती पाठवतो, पण आई-बापाच्या नावाचं स्पेलिंग फॉर्मवर स्वतः वाचून सही करा. माझ्या आडनावात एक अक्षर चुकलं, मी टाक्यांच्या दुखण्यात न वाचता सही केली, आणि ते दुरुस्त करायला माझ्या भावाला चार खेपा. ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्या मुलांना शाळा, आधार, पासपोर्ट सगळ्याला जन्मदाखलाच मुख्य पुरावा धरतात, तेव्हा हलक्यात घेऊ नका. बाळाचं नाव नंतर घालता येतं, 12 महिन्यांच्या आत बिनफीचं. बारशाला बाळाच्या आत्यानं कानात सांगितलेलं नाव आणि दाखल्यावरचं नाव एकच ठेवलंत तर पुढचा त्रास वाचतो, एवढंच.

मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी 5000 रुपये दोन हप्त्यांत (3000 आणि 2000), दुसरी मुलगी झाली तर 6000. अटी आहेत, सरकारी नोकरीवाल्यांना नाही. आशाताई किंवा अंगणवाडीतून फॉर्म भरतात. नोकरी असेल तर पहिल्या दोन मुलांपर्यंत 26 आठवडे पगारी रजा, त्यातले जास्तीत जास्त आठ आधी घेता येतात. मी सहा आधी घेतले, वीस राहिले, म्हणजे बाळ साडेचार महिन्यांचं असताना कामावर. दूध काढून स्टीलच्या भांड्यात, बाहेर चार तास, फ्रिजमध्ये चार दिवसांपर्यंत चालतं. आत्या वाटी-चमच्यानं पाजायच्या, बाटली आम्ही आणलीच नाही, उकळत कोण बसणार.

लसी

जन्मल्यावर बीसीजी, पोलिओ, कावीळ ब. मग 6, 10, 14 आठवड्यांना पेंटाव्हॅलेंट (पाच आजारांची मिळून एक सुई) वगैरे. 9 महिन्यांना गोवर-रुबेला, आणि जीवनसत्त्व अ. 16 ते 24 महिन्यांत दुसरा गोवर-रुबेला आणि बूस्टर. सरकारी केंद्रात सगळ्या फुकट, आणि कार्ड दाखवलं की कुठल्याही गावात मिळतात. माझे 6 आठवड्यांचे मिरजेत झाले, 10 चे साताऱ्यात. लसीनंतर ताप येतो, पॅरासिटामॉल वजनावर मोजून, अंदाजे चमचाभर नाही. सर्दी आहे म्हणून लस पुढं ढकलायची गरज नसते, मी एकदा ढकलली नि सिस्टर बोलल्या.

सहा महिन्यांनंतर: वाटी, द्राक्षं आणि भडंग

उष्टावण मामानं केलं, खीर बोटभर. खरं खाणं दुसऱ्या दिवसापासून. दोन-तीन चमचे घट्टसर, चमचा उलटा केला तर लगेच पडू नये एवढं. नाचणीचं सत्त्व, मुगाची खिचडी, कुस्करलेलं केळं, शिजवलेला भोपळा, वरणात भिजवलेली शाळूची भाकरी, वरून तूप. वरणाचं नुसतं पाणी देऊन पोट भरतं पण अंग भरत नाही. अंडंही चालतं. वर्षभर मीठ-साखर नको, यावर घरात वाद झाला, "पोराला चवच नाही" म्हणून. पोरगं चवीनं खात होतं. गाईचं दूध वर्षानंतर. वर्षाचं झालं की घरचंच जेवण, तिखट बाजूला काढून, आणि जन्माच्या वजनाच्या साधारण तिप्पट वजन.

आता आमच्या भागाची खास धास्ती. इकडं घरात शेंगदाणे नाहीत असं होत नाही. चटणीत, भडंगात, खिशात. आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये द्राक्षांच्या पेट्या येतात. अख्खा शेंगदाणा आणि अख्खं द्राक्ष, दोन्ही लहान मुलाच्या श्वासनळीत बरोब्बर बसतं. माझा दीड वर्षाचा होता, सांगलीला पाहुणे आलेले, खाली सतरंजीवर भडंगाची परात. मी चहा गाळत होते. बाळ हसत होतं आणि एकदम आवाज बंद झाला. रडणं नाही, खोकला नाही, नुसता चेहरा लाल, मग निळसर. मामीनं त्याला मांडीवर पालथं घातलं, डोकं खाली, आणि पाठीत तळहातानं चार रट्टे दिले. शेंगदाणा सतरंजीवर पडला. मी गाळणं हातात धरूनच उभी होते. मामी पूर्वी अंगणवाडीत होत्या, त्यांना ट्रेनिंग होतं, आम्हाला कुणालाच नव्हतं. तेव्हा शिकून घ्या: मूल खोकत असेल तर खोकू द्या, आवाजच बंद झाला तर डोकं खाली करून खांद्यांच्या मधोमध पाठीत पाच थापा, तोंडात आंधळेपणानं बोट घालायचं नाही, आणि कुणीतरी 108 लावायचा. चार-पाच वर्षांपर्यंत शेंगदाणा कुटूनच. द्राक्ष उभं चिरून चार तुकडे. बेदाणे भिजवून, चिरून. पाहुण्यांना राग आला तर येऊ दे.

जुलाब लागले तर ओआरएस, पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात, आणि झिंकच्या गोळ्या 14 दिवस, जुलाब थांबले तरी. फळाच्या चवीचे टेट्रापॅक म्हणजे ओआरएस नव्हे. अंगावरचं दूध चालू ठेवायचं.

चालायला लागल्यावर

इथून पुढं बाळ तुमचं ऐकत नाही. बादलीत पाणी भरून ठेवू नका, गरम पाण्याची तर नाहीच, शेतावर घर असेल तर विहिरीला आणि शेततळ्याला कुंपण आधी, पायऱ्यांना फळी. फवारणीचं औषध पाण्याच्या बाटलीत भरून ठेवायची जी सवय आहे ती आजच मोडा.

बोलण्याचं: वर्षाच्या आसपास एखादा अर्थ असलेला शब्द, दोन वर्षांना दोन शब्द जोडून, "आई ये", "पाणी दे" असं. नावानं हाक मारल्यावर बघत नसेल, बोट दाखवत नसेल, आलेले शब्द गेले, तर "याचा बाप पण उशिरा बोलला" म्हणून वाट बघू नका, जिल्हा रुग्णालयात लहान मुलांच्या विकासाची तपासणी होते. मोबाईल दोन वर्षांपर्यंत नको, आजी-आजोबांचा व्हिडिओ कॉल सोडून. हे लिहिताना मला हसू येतंय कारण दुसऱ्या वर्षी आजारपणात आम्ही दिला, आणि मग बंद करायला तीन आठवडे आरडाओरडा. जेवताना तरी देऊ नका.

हट्ट दीड वर्षापासून सुरू होतो. राजवाड्यासमोर चौपाटीवर माझ्या पोरानं फुग्यासाठी रस्त्यावर लोळण घेतली, चार आज्या जमल्या, प्रत्येकीचा सल्ला वेगळा. मी शेजारी खाली बसले, काही बोलले नाही, सात-आठ मिनिटांत संपलं. फुगा घेतला नाही. घेतला असता तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. भुकेलं किंवा झोपेला आलेलं मूल बाजारात नेऊ नका, अर्धे हट्ट तिथंच कमी होतात.

शी-शू सांगायला दोन वर्षांच्या आसपास शिकतात, कुणी अडीच, कुणी तीन. दोन तास लंगोट कोरडा राहायला लागला, शी आली की कोपऱ्यात जाऊन उभं राहतंय, असं दिसलं की पॉट आणा. थंडीत सुरू करू नका, साताऱ्यात डिसेंबरात ओल्या चड्ड्या वाळत नाहीत.

दुसऱ्या बाळाचं घरातले विचारायला लागतील, पहिलं वर्षाचं झालं की. निदान दोन-तीन वर्षं अंतर ठेवा, पाळी आली नाही तरी दिवस जाऊ शकतात, त्यामुळं तांबी, अंतरा (दिवस न जाण्याचं) इंजेक्शन जे काय ते डिलिव्हरीनंतरच्या पहिल्या तपासणीतच डॉक्टरांशी बोलून ठरवा.

तीन वर्षांचं झालं की अंगणवाडी किंवा बालवाडी, पहिली सहाव्या वर्षी, घाई नाही. फाईल अजून आत्यांच्या कपाटात आहे, साड्यांच्या खाली, कारण पाच वर्षांचा बूस्टर राहिलाय. धाकटीसाठी मी तिच्यातलीच काही रिकामी प्लास्टिकची कव्हरं काढून ठेवलीत, आणि वर चिठ्ठी: गोळी चहाबरोबर नाही.